जुनी रेसिंग सायकल पुन्हा रस्त्यावर आणताना: आधी मोजा, मग सुटे भाग घ्या

मी इंग्लंडच्या मिडलंड्स भागात राहतो. सायकलवेड्या माणसासाठी हे माहेरच आहे. नॉटिंगहॅमला रॅले आणि २००० पर्यंत हबचे गिअर बनवणारे स्टर्मी-आर्चर, बर्मिंगहॅमला फ्रेमच्या नळ्या बनवणारे रेनॉल्ड्स आणि चामड्याच्या सीटसाठी नावाजलेले ब्रुक्स, सगळं तासाभराच्या अंतरात. त्यामुळे इथल्या गॅरेजांत, शेडमध्ये, जुन्या सामानाच्या बाजारात अजूनही एखादी चाळीस-पन्नास वर्षांची रेसिंग सायकल भिंतीला टेकून उभी दिसते. टायर बसलेले, चेन गंजून काठीसारखी ताठ, आणि सीटखालच्या नळीवर हिरवट-सोनेरी स्टिकर: रेनॉल्ड्स ५३१.

अशी सायकल पुन्हा रस्त्यावर कशी आणायची, आणि ती आणताना तिच्या काळातलेच पण जास्त चांगले भाग कसे निवडायचे, हे पहिल्यांदाच हात घालणाऱ्यासाठी लिहितो आहे. उदाहरण माझ्याच सायकलचं घेतो. १९७० च्या दशकाच्या शेवटाची रॅले, वर्कसॉप गावच्या कार्लटन कारखान्यात जोडलेली, दहा गिअरची. रॅलेने कार्लटन ही कंपनी १९६० मध्ये विकत घेतली आणि पुढची वीसेक वर्षं त्यांच्या बऱ्याचशा हलक्या सायकली वर्कसॉपला बनत होत्या. माझ्या हातात आली तेव्हा तिला स्टीलच्या रिमा, वाइनमानचे सेंटर-पुल (केबल मधोमध ओढणारे) ब्रेक आणि मागे सिम्प्लेक्सचा प्लास्टिकचा डिरेलर, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग, होता.

आधी एक मर्यादा आखून घ्या

"काळाला धरून" म्हणजे नेमकं काय, हे काम सुरू करण्याआधी ठरवा, नाहीतर खर्चाला अंत राहत नाही. कारखान्यातून निघाली तशी हुबेहूब करायची, हा एक मार्ग. दुसरा मार्ग मला अधिक पटतो. १९८० साली ही सायकल एखाद्या जाणत्या सायकलस्वाराच्या हातात असती, तर त्याने दुकानात जाऊन तिला काय काय नवीन बसवलं असतं? ते सगळं चालेल. त्यानंतरचं नको.

बाहेरचा मापदंड हवा असेल तर इटलीतल्या लेरोइकाचा घ्या. तोस्कानातल्या गायोले इन क्यांती गावातून १९९७ पासून जुन्या सायकलींची ही फेरी निघते, पांढऱ्या मातीच्या रस्त्यांवरून. तिथला नियम सोपा आहे: सायकल १९८७ च्या आधीची, गिअरचे खटके खालच्या नळीवर, ब्रेकच्या केबली हँडलच्या टेपखालून न जाता मोकळ्या वर निघालेल्या, आणि पेडलला पाय धरणाऱ्या टो-क्लिप व पट्टे. हे चार मुद्दे डोक्यात ठेवलेत तरी बहुतेक निर्णय आपोआप होतात.

विकत घेताना काय पाहायचं

चमक पाहू नका. फ्रेम पाहा. सुटे भाग मिळतात, फ्रेम वाकलेली असेल तर उरलेली मेहनत वाया.

हँडलच्या नळीला जिथे वरची आणि खालची नळी मिळते, तिथे मागच्या बाजूला, खालच्या अंगाने बोट फिरवा. समोरून आपटलेल्या सायकलला तिथे नळीवर बारीक सुरकुती किंवा फुगवटा येतो, रंगाला आडवी भेग जाते. डोळ्यांना दिसत नाही, बोटाला कळतं. मग बाजूला उभं राहून पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याची रेघ पाहा. चिमट्याचा वरचा भाग हँडलच्या नळीच्या सरळ रेषेत असला पाहिजे, मागे दबलेला नको.

त्यानंतर दोरा. फ्रेममध्ये मागच्या चाकाचा एक्सल बसतो त्या दोन खाचांपैकी एकीत दोरा बांधा, तो हँडलच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या खाचेत आणा आणि ताणा. आता सीटच्या नळीपासून दोन्ही बाजूंच्या दोऱ्याचं अंतर मोजा. दोन्हीकडे सारखं असेल तर मागचा त्रिकोण मध्यावर आहे. एखाददुसऱ्या मिलिमीटरचा फरक चालतो, पाच मिलिमीटर असेल तर सोडून द्या.

सीटची दांडी आणि हँडलचं स्टेम (हँडल धरून फ्रेममध्ये खाली शिरणारा भाग) हलतं का, हे शक्यतो विकणाऱ्यासमोरच पाहा. स्टीलच्या नळीत ॲल्युमिनियमची दांडी वीस वर्षं न हलता राहिली की दोन धातूंमध्ये गंज धरतो आणि ती जणू वेल्डिंग केल्यासारखी बसते. निघते, पण आठवडा खाते. खाली लिहिलंय.

स्टिकरवर भुलू नका, पण तो नीट वाचा. रेनॉल्ड्सने ५३१ ही नळी १९३५ मध्ये आणली. मँगनीज-मॉलिब्डेनम स्टील. पण सगळ्या ५३१ सारख्या नसतात. काही सायकलींच्या फक्त तीन मुख्य नळ्या ५३१ च्या आणि त्याही सरळ जाडीच्या. चांगल्या सायकलींच्या नळ्या बटेड, म्हणजे जोडाजवळ जाड आणि मध्ये पातळ. स्टिकर गेला असेल तर सीटची दांडी मोजा. २७.२ मिमीची दांडी बसत असेल तर बहुधा बटेड ५३१. २६.४ किंवा २६.६ असेल तर नळीची भिंत जाड आहे. व्हर्नियर (बारीक मापाची पट्टी) खिशात ठेवून जायची सवय लावा.

वय ओळखणं

रॅलेच्या या काळातल्या फ्रेमवर नंबराच्या सुरुवातीला इंग्रजी अक्षरं असतात. पहिलं अक्षर कारखान्याचं: एन म्हणजे नॉटिंगहॅम, डब्ल्यू म्हणजे वर्कसॉप. दुसरं महिन्याशी निगडित, आणि पुढचा आकडा वर्षाचा शेवटचा अंक. सुट्या भागांवरही तारखा असतात. शिमानोच्या भागांच्या मागे दोन अक्षरं कोरलेली सापडतात. पहिलं वर्ष, ए म्हणजे १९७६ आणि तिथून पुढे क्रमाने. दुसरं महिना, ए म्हणजे जानेवारी. कॅम्पॅग्नोलोच्या मागच्या डिरेलरवर "पेटंट" या शब्दाच्या पुढे वर्षाचे दोन अंक असतात. हे सगळं लिहून काढा. एकाच सायकलवर १९७८ चे क्रँक (पेडलचे दांडे) आणि १९८६ चा डिरेलर सापडला, तर आधीच्या मालकाने कधी काय बदललं ते कळतं.

खोलताना

प्रत्येक भाग काढण्याआधी मोबाइलवर फोटो. केबल कुठून वळते, वॉशर कोणत्या बाजूला, हे आठवणीत राहत नाही. छोट्या डब्या घ्या, प्रत्येकीवर चिठ्ठी लावा. "पुढचं चाक, उजवी बाजू" इतकं नेमकं लिहा.

हत्यारांत तडजोड करू नका. कोनसाठी (चाकाच्या एक्सलवरचा, छर्रे दाबून धरणारा नट) पातळ पाने १३ ते १६ मिमी, पेडलसाठी १५ मिमीचा लांब पाना, ५ आणि ६ मिमीची ॲलन की, क्रँक ओढायचा पुलर, फ्रीव्हीलचा (मागच्या हबवरच्या दातेरी चकत्यांचा संच) रिमूव्हर, बी. बी. च्या (बॉटम ब्रॅकेट, क्रँकचा एक्सल फिरतो ती जागा) वाट्यांचे पाने, आणि आटे मोजायची पट्टी. शेवटची वस्तू सगळ्यांत स्वस्त आहे आणि सगळ्यांत जास्त पैसे वाचवते.

क्रमही महत्त्वाचा. चाकं काढायच्या आधी पेडल आणि क्रँकचे बोल्ट सैल करा, कारण सायकल जमिनीवर उभी असताना जोर लावता येतो. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, लक्षात ठेवा. दोन्ही पेडलसाठी एकच खूण: पाना वर धरून सायकलच्या मागच्या बाजूला फिरवलात की पेडल सैल होतं.

क्रँकचा पुलर लावताना तो हाताने पूर्ण आत जाईपर्यंत फिरवा. अर्धवट आटे धरून जोर लावला की ॲल्युमिनियमचे आटे सोलून निघतात आणि क्रँक फेकून द्यायची वेळ येते. बहुतेक क्रँकना २२ मिमीचा पुलर चालतो. फ्रेंच मात्र वेगळे: टीएला २३ मिमी, जुन्या स्ट्राँगलाइटला २३.३५ मिमी. हा मिलिमीटरभराचा, त्याहूनही कमी फरक हाताला जाणवत नाही, आट्यांना जाणवतो.

स्टेम काढायला वरचा बोल्ट दोन-तीन फेरे सैल करा, मग त्याच्या डोक्यावर लाकडाचा ठोकळा ठेवून एक ठोका द्या. आतली पाचर खाली सुटते आणि स्टेम मोकळं होतं. बोल्ट पूर्ण काढून ओढत बसलात तर पाचर आतच राहते.

चाक नवीन विणायचं असेल तर फ्रीव्हील आधी काढा. तारा कापल्यावर हबला धरायला काहीच उरत नाही आणि फ्रीव्हील जन्मभर तिथेच राहतं. रिमूव्हर खाचांत नीट बसवून क्विक-रिलीजने (चाक आवळायची खटक्याची दांडी) हलका आवळा, रिमूव्हर व्हाइसमध्ये धरा आणि चाक मोटारीच्या स्टिअरिंगसारखं दोन्ही हातांनी डावीकडे फिरवा. कट्कन आवाज आला की क्विक-रिलीज लगेच सैल करा.

सीटची दांडी अडकली असेल तर चांगलं भिनणारं तेल वरून टाका आणि रात्रभर ठेवा. मग सायकल उलटी करून बी. बी. च्या बाजूने नळीत तेल सोडा, म्हणजे ते दांडीच्या खालच्या टोकापर्यंत पोचतं. रोज थोडं. चौथ्या-पाचव्या दिवशी दांडीला जुनी सीट घट्ट बसवून तिला लीव्हरसारखं वापरा. ओढू नका, फिरवा. एकदा केसभर हलली की निघालीच समजा.

आटे: इथे घाई नको

आता या कामातला सगळ्यांत नडणारा भाग. त्या काळात प्रत्येक देशाचे आटे वेगळे होते. इंग्लंड इंचात, फ्रान्स मिलिमीटरमध्ये, आणि इटली अर्धं इकडे अर्धं तिकडे.

बी. बी. चंच पाहा. इंग्लिश फ्रेमची वाटी १.३७ इंच व्यासाची, इंचाला २४ आटे, नळी ६८ मिमी रुंद. फ्रेंच ३५ मिमी व्यास आणि १ मिमी अंतराचे आटे. आता १.३७ इंच म्हणजे ३४.८ मिमी. दोन्हींत फरक ०.२ मिमीचा. म्हणजे फ्रेंच वाटी इंग्लिश फ्रेममध्ये एक-दोन फेरे जाते, अडते, आणि माणसाला वाटतं की गंज असेल, अजून जोर लावू. तिथे फ्रेमचे आटे जातात. इटालियन ३६ मिमी, इंचाला २४ आटे, आणि नळी ७० मिमी. रुंदी मोजली की इटालियन लगेच ओळखू येते.

दिशाही वेगळी. इंग्लिश फ्रेममध्ये चेनच्या बाजूची वाटी उलट्या आट्यांची असते. फ्रेंच आणि इटालियनमध्ये दोन्ही वाट्या सरळ आट्यांच्या. माझ्या पहिल्या सायकलवर मी सव्वा तास उजवी वाटी "सैल" करत होतो, प्रत्यक्षात ती आवळत होतो. लहानपणी सांगलीत घराजवळच्या सायकल दुकानात तासन्तास बसून पाहिलेलं होतं, काका ती वाटी नेहमी उलटी फिरवायचे. डोळ्यांनी पाहिलेलं हाताला आठवलं नाही. तेव्हापासून पाना लावायच्या आधी खडूने बाण काढतो.

रॅलेचा आणखी एक प्रकार आहे. नॉटिंगहॅमच्या रोजच्या वापराच्या सायकलींना रॅले स्वतःचे, इंचाला २६ आटे वापरत असे, बी. बी. ला आणि हँडलच्या वाट्यांनाही. वर्कसॉपच्या रेसिंग सायकलींना मात्र साधारणपणे नेहमीचे २४. "रॅले आहे म्हणजे रॅलेचा भाग चालेल" असं गृहीत धरू नका. पट्टी लावा.

स्टेमची दांडी इंग्लिश २२.२ मिमी, फ्रेंच २२.० मिमी. हँडल धरायची जागा कुठे २५.४, कुठे २६.०, चिनेल्लीची २६.४, फ्रेंच २५.०. स्टेम आणि हँडल एकत्र, जोडीनेच विकत घेतलेलं बरं. एक मोठं हँडल लहान स्टेममध्ये कोंबायचं किंवा लहान हँडल पत्र्याची पट्टी घालून बसवायचं, असं करू नका. उतारावर पूर्ण वजन त्या जोडावर असतं.

धुणं आणि रंग

रंग नवीन मारू नका. माझं हे मत ठाम आहे. ओरखडे, चिरलेलं स्टिकर, हँडलच्या नळीवर झिजलेला बिल्ला, हे सगळं त्या फ्रेमचं आहे आणि एकदा खरवडलं की परत येत नाही. गंज थांबवायचा, वय पुसायचं नाही. कोमट पाणी, थोडा साबण, मऊ फडकं. रंग उडालेल्या जागी गंज हलक्या हाताने काढून तेवढ्यापुरता जुळता रंग.

क्रोमवरचा तांबूस गंज घालवायला ॲल्युमिनियम फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून घासा. क्रोमपेक्षा फॉइल मऊ असल्यामुळे ओरखडे पडत नाहीत आणि गंज काळ्या चिखलासारखा निघून येतो. ज्याने हे पहिल्यांदा केलं त्याचा चेहरा पाहण्यासारखा असतो.

फ्रेमच्या आतला गंज जास्त धोक्याचा, कारण तो दिसत नाही. जुने लोक नळ्यांत जवसाचं तेल ओतून फ्रेम सगळ्या बाजूंनी फिरवायचे, मग निथळायला ठेवायचे. तेल आत सुकून पातळ कवच धरतं. मीही तेच करतो. पण एक खबरदारी घ्याच: जवसाच्या तेलाची फडकी चुरगळून डब्यात टाकू नका. सुकताना ती गरम होतात आणि आपोआप पेट घेऊ शकतात. पाण्यात बुडवा किंवा बाहेर एकेक पसरून वाळवा.

छर्रे आणि वाट्या

छर्रे-वाट्या खोलून, धुऊन, ग्रीस भरून पुन्हा बसवायच्या, याला आपल्याकडे ओव्हरऑइलिंग म्हणतात. सांगलीच्या त्या दुकानात रॉकेलची एक थाळी असायची. छर्रे त्यात पडले की काका बोटांनी ढवळायचे, आणि आवाजावरूनच सांगायचे की बदलायला झालेत की नाही. मी अजून तिथवर पोचलेलो नाही. मी सरळ नवीन घेतो. छर्रे स्वस्त असतात, वाट्या आणि कोन महाग, आणि झिजलेला छर्रा वाटी खातो.

मापं साधारण अशी: मागच्या हबला पाव इंच, प्रत्येक बाजूला नऊ. पुढच्याला ३/१६ इंच, दहा. कॅम्पॅग्नोलोच्या पुढच्या हबला ७/३२, म्हणून जुना छर्रा मोजूनच नवीन आणा. बी. बी. ला पाव इंच, बाजूला अकरा. अकरा सुटे छर्रे ग्रीसमध्ये गोल बसवले की जाळीतल्या नऊ छर्ऱ्यांपेक्षा भार जास्त वाटला जातो, म्हणून जाळी काढून टाका.

कोनवर नखाचं टोक फिरवा. छर्ऱ्यांची फिरायची रेघ चकचकीत आणि गुळगुळीत असेल तर ठीक. नख कुठेही अडलं, खड्डा लागला, तर कोन बदला. वाटी सहसा वाचलेली असते.

हँडल सरळ धरल्यावर मधोमध "खटकन" बसतं असं वाटलं, तर हँडलच्या खालच्या वाटीत छर्ऱ्यांनी खळगे पाडले आहेत. नवीन हेडसेट (हँडलच्या वाट्यांचा संच) महाग वाटला तर जाळीतले छर्रे काढून सुटे छर्रे भरा, जाळीत होते त्यापेक्षा एक-दोन जास्त बसतात. संख्या बदलली की छर्रे जुन्या खळग्यांशी जुळत नाहीत आणि हँडल पुन्हा मोकळं फिरतं. आणखी बरीच वर्षं जातात.

हबचे कोन आवळताना अगदी किंचित हालचाल ठेवा. क्विक-रिलीज आवळली की एक्सल दाबला जातो आणि ती हालचाल नाहीशी होते. चाक फ्रेममध्ये बसवून, आवळून, रिम धरून डावी-उजवीकडे हलवून पाहा. हाताला काही जाणवू नये आणि चाक व्हॉल्व्हच्या वजनाने खाली येऊन झुलत थांबलं पाहिजे. हे तीन-चार वेळा करावं लागतं. कोणालाच पहिल्या खेपेला जमत नाही.

चाकं आणि ब्रेक: इथे पैसे घाला

एकाच ठिकाणी खर्च करायची ऐपत असेल तर तो रिमांवर करा. स्टीलच्या क्रोम रिमा पावसात जवळजवळ थांबत नाहीत. रबर ओल्या क्रोमवरून घसरतं. त्या काळातल्याच ॲल्युमिनियमच्या रिमा, माविक, वाइनमान, सुपर शँपियन, रिजिदा, अजून मिळतात. थांबण्यात जमीन-अस्मानाचा फरक पडतो, वजनही फिरत्या भागातून कमी होतं.

माझी मूळ चाकं २७ इंची होती. इथे घोटाळा होतो, कारण ७००सी चाक जवळजवळ तेवढंच दिसतं. टायर बसतो ती जागा २७ इंचीला ६३० मिमी, ७००सीला ६२२ मिमी. टायर एकमेकांना लागत नाहीत. ७००सी घेतलीत तर टायरचा पर्याय खूप वाढतो, पण रिम ४ मिमीने आत जाते, म्हणून ब्रेकचे रबर तेवढे खाली सरकवता येतात का ते आधी पाहा. वाइनमानच्या लांब हातांच्या सेंटर-पुलला ते सहज जमतं. ब्रेक तेच ठेवा, केबली आणि रबर नवीन घ्या. रबराच्या बाबतीत मी काळाचा आग्रह धरत नाही. कूल-स्टॉपचे तांबूस रबर ओल्यातही धरतात, आणि जीव त्यावर आहे.

मागच्या खाचांमधलं अंतर मोजा. पाच चकत्यांच्या फ्रीव्हीलला १२० मिमी, सहा-सातला १२६. स्टीलची फ्रेम १२० वरून १२६ पर्यंत कायमची फाकवता येते. दोन्ही बाजू सारख्या आल्या का ते पुन्हा दोऱ्याने तपासा. खाचा एकमेकींना समांतर राहिल्या पाहिजेत, नाहीतर एक्सल वाकतो.

तारा स्वतः विणायला शिकलात तर उत्तम. पहिल्यांदा फक्त आउट, म्हणजे रिमची डावी-उजवीकडची डुगडुग, काढायला शिका. चाक फ्रेममध्ये, ब्रेकचा रबर सूचक म्हणून, आणि एका वेळी निप्पलचा (तारेच्या टोकाचा नट) पाव फेरा.

गिअर: त्या काळातला खरा सुधार

लोकांना वाटतं की जुनी रेसिंग सायकल म्हणजे कॅम्पॅग्नोलो. तुल्लियो कॅम्पॅग्नोलोने १९३० मध्ये क्विक-रिलीजचं पेटंट घेतलं, १९३३ मध्ये विचेन्झामध्ये कंपनी काढली, आणि १९६७ चा न्युओव्हो रेकॉर्ड डिरेलर हा खरंच सुंदर दागिना आहे. टिकतोही पिढ्यान्पिढ्या. पण गिअर बदलण्यात तो सगळ्यांत चांगला नव्हता.

ते काम जपानच्या सनटूरने केलं. १९६४ मध्ये नोबुओ ओझाकी यांनी डिरेलरचा चौकोन तिरका बसवला. त्यामुळे डिरेलरचं वरचं छोटं चाक फ्रीव्हीलच्या उताराबरोबर खाली-वर सरकतं आणि प्रत्येक चकतीपासून सारख्याच अंतरावर राहतं. चेन चटकन चढते. पेटंटची मुदत १९८४ च्या सुमारास संपली आणि मग बाकीच्यांनी तीच रचना उचलली. आजचा जवळजवळ प्रत्येक डिरेलर त्याच तिरक्या चौकोनावर चालतो.

म्हणून माझ्या सायकलवर मी सनटूरचा सायक्लोन बसवला. १९७५ नंतरचा, काळात बसणारा, हलका, आणि कॅम्पॅग्नोलोच्या मानाने बराच स्वस्त. सिम्प्लेक्सचा प्लास्टिकचा काढला, कारण ते प्लास्टिक वयाने ठिसूळ होतं आणि चढावर तुटलं तर तुकडे तारांत जातात. खटके सनटूरचेच, आत बारीक दातेरी रॅचेट असलेले. ते आपोआप सरकत नाहीत आणि बोटाला हलके लागतात.

गिअरचा हिशेब स्वतः करा: पुढचे दात भागिले मागचे दात, गुणिले चाकाचा व्यास, इथे २७ इंच. माझ्याकडे पुढे ५२ आणि ४२, मागे १४ ते २८. म्हणजे सगळ्यांत जड १०० इंच, सगळ्यांत हलका ४०.५ इंच. त्या काळच्या रेसरला ४०.५ पुरत असे. तुम्हाला, मला, सिंहगडाच्या रस्त्यावर तो पुरणार नाही. ज्यांना घाट चढायचे आहेत त्यांनी क्रँकच बदलावी. कॅम्पॅग्नोलो रेकॉर्डच्या १४४ मिमी (चकतीच्या बोल्टच्या वर्तुळाचा व्यास) क्रँकवर ४१ दातांपेक्षा लहान चकती बसतच नाही. स्ट्राँगलाइट ९९ च्या ८६ मिमी क्रँकवर तिशीच्या आतलीही बसते, आणि ती तितकीच त्या काळातली आहे.

जुनी ॲल्युमिनियमची क्रँक घेताना भिंग घेऊन बसा. रेकॉर्ड क्रँकच्या मागच्या बाजूला, जिथे चकतीच्या पाच हातांपैकी एक मुख्य दांड्याला मिळतो त्या कोपऱ्यात केसासारखी भेग जाते. भेग दिसली तर ती क्रँक भिंतीवर लावायला ठेवा. तोच नियम स्टेमला. फ्रेंच आवा कंपनीची जुनी स्टेम्स खालच्या बाजूला तुटण्यासाठी कुप्रसिद्ध आहेत, कितीही छान दिसली तरी लावू नका.

चेन नवीन. बारा इंच मोजा, पिनच्या मध्यापासून पिनच्या मध्यापर्यंत. नेमके बारा भरले तर चेन नवी. १/१६ इंच वाढली तर चेन बदला. १/८ वाढली असेल तर तिने फ्रीव्हीलही खाल्लंय, दोन्ही बदला, नाहीतर नवीन चेन जुन्या दातांवरून उड्या मारते. आजच्या सहा-सात-आठ गिअरची चेन या जुन्या फ्रीव्हीलला व्यवस्थित चालते.

महाराष्ट्रात असाल तर

५३१ फ्रेम सहज हाती लागणार नाही, पण आजोबांची काळी सायकल अडगळीत असेल. वरचं बहुतेक सगळं तिलाही लागू पडतं. आसनसोलजवळ सेन-रॅले कारखान्यात बनलेली असेल तर ती जपण्यासारखीच. फरक कॉटरचा, म्हणजे क्रँक एक्सलवर धरून ठेवणाऱ्या पाचरीसारख्या खिळ्याचा. कॉटर काढताना नट पूर्ण काढू नका, आट्यांच्या टोकाबरोबर आणून ठेवा म्हणजे आटे वाचतात. क्रँकखाली जाड पाइपचा तुकडा जमिनीपर्यंत टेकवा आणि एकच जोरदार घाव घाला. दहा हलके ठोके कॉटर वाकवतात, एक भक्कम ठोका तो बाहेर काढतो.

जोडणी आणि पहिली फेरी

प्रत्येक आट्याला ग्रीस. सीटच्या दांडीला, स्टेमला, पेडलला, बी. बी. च्या वाट्यांना. पुढच्या माणसाला पुन्हा आठवडा घालवावा लागू नये. स्टेम वर काढताना दांडीवरच्या कमाल उंचीच्या रेषेपेक्षा वर काढू नका. क्रँकचे बोल्ट ३५ न्यूटन-मीटरच्या आसपास. टेप सुती घ्या, खालून वर गुंडाळा, ब्रेकच्या केबली मोकळ्या सोडा.

पहिली फेरी घराजवळच, सपाट रस्त्यावर, हेल्मेट घालून. सुरुवातीला उभं राहून जोर लावू नका. दोन्ही ब्रेक एकेकटे दाबून पाहा. मागे सगळ्यांत मोठ्या चकतीवर डिरेलर तारांना लागत नाही ना, सगळ्यांत लहान चकतीवर चेन फ्रेमला घासत नाही ना, हे थांबून, चाक उचलून पाहा. डिरेलरचे मर्यादेचे दोन स्क्रू आधी नीट लावा, मग वेग वाढवा.

पन्नास किलोमीटरनंतर सायकल पुन्हा स्टँडवर घ्या. क्रँकचे बोल्ट पुन्हा आवळा, ते हमखास थोडे बसलेले असतात. केबली ताणल्या गेल्या असतील, त्या पुन्हा ओढून घ्या. नव्या विणलेल्या चाकाच्या तारा जागेवर बसून आउट किंचित आलेला असेल, तो काढा. हँडलच्या वाट्या पुढचा ब्रेक दाबून, सायकल पुढे-मागे हलवून तपासा. मग लांबच्या रस्त्याला निघा, खिशात १५ चा पाना आणि पंक्चरचं सामान घेऊन.